शिवसागर जलाशय

शिवसागर जलाशय हा महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील, कोयना नदीवर बांधलेल्या धरणामुळे निर्माण झालेला मोठा जलाशय आहे. कोयना धरणाचा जलाशय या नावानेही तो ओळखला जातो. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तीन तालुक्यांत तो पसरला असून दक्षिणेस कोयनानगरजवळील धरणाच्या भिंतीपासून उत्तरेस तापोळ्याच्या पलीकडेपर्यंत त्याची लांबी सुमारे ५० कि.मी. भरते. जलविद्युतनिर्मितीसाठी तो बांधण्यात आला. तथापि काठावरील गावांच्या दृष्टीने तो प्रथम एक जलमार्ग आहे. पश्चिम काठावरील अनेक वस्त्यांचा बाजार, शाळा, दवाखाना आणि तालुक्याचे ठिकाण यांच्याशी असलेला संबंध अनेक दशके प्रामुख्याने लाँच आणि तराफा यांच्यावर अवलंबून राहिला. वासोटा किल्ला, त्रिवेणी संगम आणि कांदाटी खोरे यांच्याकडे नौकेने जाणाऱ्या पर्यटकांमुळे अलीकडच्या काळात हा जलाशय राज्यभर परिचित झाला आहे.

भूगोल

कोयना नदी महाबळेश्वर येथे उगम पावते. दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या पूर्ववाहिनी असताना कोयना मात्र उगमापासून सुमारे ६५ कि.मी. अंतर सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, म्हणजे दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराड येथील प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. धरण या वळणाच्या अलीकडे बांधलेले असल्यामुळे नदीचा दक्षिणवाहिनी भाग जवळजवळ संपूर्णपणे जलाशयाखाली गेला आहे. त्यामुळेच जलाशयाचा आकार गोल वा पसरट नसून लांबट आणि अरुंद आहे.

उत्तर भागात सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी जलाशयाला मिळतात. तीन खोऱ्यांत पाणी शिरल्यामुळे तेथे जलाशयाला फाटे फुटले आहेत. पूर्वीच्या डोंगरसोंडा आता पाण्यात घुसलेल्या भूशिरांसारख्या दिसतात. जलाशय पूर्ण भरलेला असताना काही टेकड्यांचे माथे चारही बाजूंनी पाण्याने वेढले जातात आणि त्यांना बेटांचे रूप येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की हीच बेटे पुन्हा काठाला जोडली जातात. नौकेचा मार्ग, उतरण्याची जागा आणि काठापर्यंतची पायपीट यांत ऋतुमानाप्रमाणे मोठा फरक पडतो तो यामुळेच.

या प्रदेशात पाऊस अतिशय पडतो. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन केंद्रांवरील पर्जन्यमानाचे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात, कारण धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज त्यांवरून बांधला जातो. वर्षाकाठी ५,००० मि.मी. वा त्याहून अधिक पाऊस येथे नवलाचा नाही.

निर्मिती

कोयनेच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. प्रत्यक्ष बांधकाम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६४ मध्ये धरण पूर्ण झाले. दगड आणि काँक्रीट यांनी बांधलेल्या या धरणाची उंची १०३ मीटर व लांबी सुमारे ८०७ मीटर आहे. मूळ साठवणक्षमता ९८.७७ अब्ज घनफूट (टीएमसी) होती. पुढे दरवाजांची उंची वाढवून ती १०५.२५ टीएमसी करण्यात आली. पूर्ण भरल्यावर पाण्याचे क्षेत्र सुमारे ११५ चौ. कि.मी. होते.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील पाणी पश्चिमेकडे वळवणे, ही या प्रकल्पाची मुख्य योजना आहे. जलाशयातील पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटातून नेले जाते, सुमारे ४७५ मीटर खाली पोफळी येथील भूमिगत विद्युतगृहात सोडले जाते आणि अखेर चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीला मिळून अरबी समुद्रात जाते. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे विद्युतगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी येथे ‘लेक टॅपिंग’ करण्यात आले. बोगदा जलाशयाच्या तळापर्यंत आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवणे आणि जलाशय रिकामा न करता पाणी बोगद्यात घेणे, असे या तंत्राचे स्वरूप आहे.

बुडालेली गावे आणि विस्थापन

जलाशय भरण्यापूर्वी कोयनेचे खोरे ओसाड नव्हते. नदीकाठच्या मळईवर भात, तर डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पिकत असे. गावोगावी ग्रामदैवतांची देवळे होती. धरणामुळे सुमारे शंभर गावे पूर्णतः वा अंशतः बाधित झाली आणि सुमारे नऊ हजार कुटुंबांना घरदार सोडावे लागले. खोऱ्यातील सर्वांत सुपीक जमीन नदीकाठालाच असल्याने तीच प्रथम पाण्याखाली गेली.

विस्थापितांपैकी काहींचे पुनर्वसन सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत झाले. काही कुटुंबांनी मात्र खोरे सोडले नाही. ती पाण्याच्या पातळीच्या वर, डोंगराच्या अंगावर सरकली. आजची बामणोली व काठावरील इतर अनेक गावे अशा रीतीने वर सरकलेली आहेत. गावाचे नाव तेच राहिले, पण जमीन, वाट आणि शेजार बदलले. पूर्वी नदी ओलांडून पायी जाता येणारी समोरची वाडी आता काही कि.मी. रुंद पाण्याच्या पलीकडे गेली.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राचा पहिला सर्वसमावेशक कायदा १९७६ मध्ये झाला. कोयनेचे विस्थापन त्याच्या दीड दशक आधीचे असल्यामुळे या कायद्याचे संरक्षण त्या वेळी उपलब्ध नव्हते. पर्यायी जमीन, नागरी सुविधा आणि वारसांना नोकरी हे प्रश्न पुढील पिढ्यांपर्यंत रेंगाळले. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगर येथे या मागण्यांसाठी दीर्घकाळ धरणे आंदोलने झाली आहेत. राज्याला वीज देणाऱ्या खोऱ्यातील काही वाड्यांत वीज व रस्ता उशिरा पोहोचला, हा मुद्दा या आंदोलनांत सातत्याने मांडला गेला.

उन्हाळ्यात पातळी खाली गेली की काही ठिकाणी जुन्या गावांच्या जोत्यांचे दगड, देवळांचे अवशेष आणि पूर्वीच्या वाटा उघड्या पडतात.

जलवाहतूक

जलाशयाच्या पूर्व काठावर बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे ही गावे असून ती साताऱ्याशी किंवा महाबळेश्वरशी रस्त्याने जोडलेली आहेत. पश्चिमेकडील कांदाटी खोऱ्यात अकल्पे, निवळी, लामज, उचाट, वाघावळे, शिंदी, वलवण, आरव इत्यादी गावे आहेत. या खोऱ्याच्या एका अंगाला जलाशय आणि दुसऱ्या अंगाला कोकणात कोसळणारे सह्याद्रीचे कडे आहेत. शिंदीजवळील चकदेव येथून कोकणात उतरणारी परंपरागत वाट तर शिड्यांच्या आधाराने उतरावी लागते. त्यामुळे खोऱ्याचा मुख्य दरवाजा पाण्याच्या बाजूनेच राहिला.

येथील जलवाहतुकीची प्रमुख साधने पुढीलप्रमाणे आहेत :

लाँच : डिझेल इंजिनावर चालणारी प्रवासी नौका. जिल्हा परिषदेच्या लाँचमधून ग्रामस्थ, विद्यार्थी, शिक्षक, टपाल आणि किराणा माल यांची ने-आण होत आली आहे. रुग्ण व बाळंतिणी यांना पलीकडच्या काठावर नेण्यासाठीही लाँचचाच आधार असतो.

तराफा : सपाट तळाचा मोठा तरंगता फलाट. जीप, दुचाकी, बांधकामाचे साहित्य आणि जनावरे त्यावरून पार नेली जातात.

खासगी बोटी : बामणोली, तापोळा, शेंबडी आणि मुनावळे येथील स्थानिक बोट क्लबांच्या नौका. त्या प्रामुख्याने पर्यटकांसाठी चालतात. विस्थापितांच्या पुढील पिढीतील अनेकांना या व्यवसायाने गावातच रोजगार दिला आहे.

जलवाहतुकीत दोन हंगाम अवघड असतात. पावसाळ्यात जोराचा वारा, दाट धुके आणि मुसळधार पाऊस यांमुळे फेऱ्या अनेकदा बंद ठेवाव्या लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस याउलट पाणी इतके मागे सरते की लाँच नेहमीच्या धक्क्याला लागू शकत नाही; प्रवाशांना चिखल व गाळ तुडवीत नौकेपर्यंत जावे लागते. रात्री-अपरात्री रुग्णाला हलवण्याची वेळ आल्यास या दोन्ही हंगामांत विलंब जिवावर बेतू शकतो. खोऱ्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामगार म्हणून वा अन्य कष्टाच्या कामांसाठी जात असल्यामुळे गावांत वृद्ध, स्त्रिया व मुले यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे वाहतुकीच्या प्रश्नाची धार अधिकच तीव्र होते.

तापोळा आणि अहिर या गावांना जोडणाऱ्या केबल-आधारित पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. पुलामुळे कांदाटी खोरे बारमाही रस्त्याने महाबळेश्वरशी जोडले जावे, अशी अपेक्षा आहे.

नौकेने प्रवास

बामणोली मार्ग : बामणोली हे साताऱ्यापासून सुमारे ३५ कि.मी. अंतरावर असून तेथे जाणारा रस्ता कास पठारावरून जातो. कास ओलांडल्यावर घाट उतरताना जलाशयाचे पहिले दर्शन घडते. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत बोटीने सुमारे दीड तास लागतो. सुरुवातीस काठावर वस्त्या व खाचरे दिसतात. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतशी वस्ती विरळ होते आणि दोन्ही बाजूंना अभयारण्याचे सलग जंगल लागते.

तापोळा मार्ग : तापोळा महाबळेश्वरपासून सुमारे २५ ते ३० कि.मी. अंतरावर आहे. पर्यटनविषयक लिखाणात त्यास ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. येथून वासोटा लांब पडतो. मात्र संगमाचा विस्तार आणि कांदाटी खोरे पाहण्यास हे ठिकाण सोयीचे आहे.

त्रिवेणी संगम : कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची खोरी जेथे एकत्र येतात त्या विस्तीर्ण जलभागास हे नाव आहे. नद्यांचे मूळ संगमस्थान पाण्याखाली असल्यामुळे आज तेथे तीन दिशांना पसरलेले पाणीच दिसते.

पर्वत : कांदाटी खोऱ्यातील या उंच स्थानी जोम-मल्लिकार्जुनाचे प्राचीन देवस्थान असून खोऱ्यातील अनेक गावांचे ते श्रद्धास्थान आहे. नौकेने पार होऊन पुढे डोंगर चढून तेथे जाता येते.

वासोट्याच्या पायथ्याशी मेट इंदवली हे गाव होते. ते उठल्यावर तेथे वन विभागाची चौकी राहिली. किल्ला अभयारण्याच्या क्षेत्रात असल्यामुळे वन विभागाचे परवानगीपत्र घ्यावे लागते, सोबत नेलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद होते आणि सायंकाळपूर्वी परत फिरावे लागते. किल्ल्यावर मुक्कामास मनाई असून पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. नौकेत जीवरक्षक जॅकेट घालणे आवश्यक आहे. जलाशय अरुंद असला तरी खोल आहे आणि दुपारनंतर खोऱ्यातून सुटणारा वारा लाटा उठवतो. धरणाच्या भिंतीजवळचा जलभाग सुरक्षेच्या कारणास्तव प्रतिबंधित आहे.

वासोटा किल्ला

वासोटा हा सुमारे १,१७० मीटर उंचीचा वनदुर्ग आहे. त्याची उभारणी परंपरेने शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी जिंकली आणि १६६० मध्ये वासोटा स्वराज्यात आला. त्यास ‘व्याघ्रगड’ असे नाव मिळाले. दुर्गमतेमुळे किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून होत असे. राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैद्यांना १६६१ च्या सुमारास येथे ठेवण्यात आले होते.

पेशवाईच्या अखेरच्या काळात पंतप्रतिनिधींच्या पक्षातील ताई तेलीण हिने हा किल्ला बापू गोखले यांच्याविरुद्ध अनेक महिने लढवला. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबीयांना येथे ठेवले होते, तसेच हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते. जनरल प्रिट्झलर याने समोरच्या जुन्या वासोट्यावरून तोफगोळ्यांचा मारा केला आणि एप्रिल १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. गडावर मारुतीचे व महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी आणि वाड्याचे अवशेष आहेत. बाबुकडा या नावाने ओळखला जाणारा अर्धवर्तुळाकार कडा तसेच जवळचे नागेश्वर हे गुहेतील देवस्थान प्रसिद्ध आहे. धरणापूर्वी येथे येण्यासाठी कोयनेचे खोरे पायी ओलांडावे लागे. जलाशयामुळे पूर्वेकडून नौकेचा मार्ग निर्माण झाला. कोकणातून चोरवणेमार्गे चढणारी पायवाट आजही वापरात आहे.

वन्यजीव

जलाशयाच्या पश्चिम व दक्षिण भागातील जंगलास १९८५ मध्ये कोयना वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौ. कि.मी. आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि सांगली जिल्ह्याच्या सीमेवरील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटास जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले, तेव्हा त्यात कोयना, कास, चांदोली आणि राधानगरी या महाराष्ट्रातील चार स्थळांचा समावेश होता.

या जंगलात गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा आणि शेकरू आढळतात. व्याघ्र प्रकल्पात वाघाचे अस्तित्व क्वचित व विखुरलेले राहिले असून २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र मिळाले होते. प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील गावांचे स्थलांतर हा येथील संवेदनशील विषय आहे. धरणामुळे एकदा उठलेल्या काही कुटुंबांवर व्याघ्र प्रकल्पामुळे दुसऱ्यांदा उठण्याची वेळ आली.

१९६७ चा भूकंप

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, दोन हजारांहून अधिक जखमी झाल्या आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली. धरणाच्या काही भागांना तडे गेले. त्यानंतर धरणाचे मजबुतीकरण करण्यात आले. दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर असल्याची तोवरची समजूत या घटनेने बदलली. जलाशयातील पाण्याचा दाब व खडकांच्या भेगांत झिरपणारे पाणी यांमुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे कोयना हे जगातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. या अभ्यासासाठी कराड येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा असून परिसरात ३ कि.मी. खोलीचे संशोधन-विवर खोदण्यात आले आहे.

करिबा सरोवराशी तुलना

आफ्रिकेतील झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरील करिबा सरोवराशी शिवसागराचे साम्य लक्षणीय आहे. झांबेझी नदीवरील करिबा धरण १९५९ मध्ये पूर्ण झाले. साठवणक्षमतेच्या दृष्टीने करिबा हा जगातील सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय असून त्यात शिवसागराच्या सुमारे साठपट पाणी मावते. तेथेही लांबट दरी बुडाली, टेकड्यांची बेटे झाली आणि नौका हेच बेटांकडे जाण्याचे साधन ठरले. ग्वेंबे खोऱ्यातील टोंगा समाजाच्या सुमारे ५७,००० लोकांना नदीकाठची सुपीक जमीन सोडून कोरड्या भागात जावे लागले. पाणी चढत असताना बेटांवर अडकलेल्या हजारो वन्यप्राण्यांना रूपर्ट फॉदरगिल यांच्या पथकाने नौकांतून बाहेर काढले. ‘ऑपरेशन नोआ’ या नावाने ती मोहीम प्रसिद्ध आहे आणि तेथील एका बेटास फॉदरगिल यांचे नाव आहे. करिबा भरत आल्यावर सप्टेंबर १९६३ मध्ये तेथे ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. चार वर्षांनी कोयनेत भूकंप झाला, तेव्हा शास्त्रज्ञांना तुलनेसाठी करिबाचे उदाहरण उपलब्ध होते.

दोहोंत फरकही आहे. करिबाच्या किनाऱ्यावरून समोरचा काठ अनेक ठिकाणी दिसत नाही. शिवसागरात तो सदैव डोळ्यांसमोर असतो, मात्र पोहोचण्यास नौका लागते.

खालच्या खोऱ्यातील महत्त्व

धरणाच्या पायथ्यातून सोडलेले पाणी कोयना व कृष्णा नद्यांतून सांगली जिल्ह्यात येते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमुळे हे पाणी जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात पोहोचते. त्यामुळे उन्हाळ्यात कोयनेत किती साठा शिल्लक आहे, याकडे सांगली, विश्रामबाग व मिरज या शहरी पट्ट्यापासून जत, आटपाडीपर्यंत सर्वांचे लक्ष असते.

पावसाळ्यात चिंता उलट दिशेची असते. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. या पुरास मुक्त पाणलोटातील अतिवृष्टी, कोयना व वारणा धरणांतील विसर्ग आणि नदीपात्रातील अतिक्रमणे अशी अनेक कारणे सांगितली जातात. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या परिणामाविषयी मतभेद आहेत.

पर्यटन आणि भवितव्य

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुनावळे येथे जलपर्यटन केंद्र सुरू केले. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पासाठी सातारा, जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांतील अनेक गावांचे नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले आहे. स्थानिकांना रोजगार मिळेल आणि मुंबईकडील स्थलांतर थांबेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. जागतिक वारसा स्थळ, व्याघ्र प्रकल्प आणि भूकंपप्रवण क्षेत्र एकत्र असलेल्या या प्रदेशाला मोठी बांधकामे पेलणार नाहीत, तसेच उरलेल्या जमिनीही बाहेरच्या खरेदीदारांकडे जातील, अशी भीती पर्यावरण अभ्यासक व ग्रामस्थांचा एक गट व्यक्त करतो. पूल झाल्यावर लाँचच्या फेऱ्या टिकतील काय, हा प्रश्न पुलापासून दूर असलेल्या वाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

हेही पाहा

कोयना नदी
कोयना धरण
वासोटा किल्ला
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
कास पठार
करिबा सरोवर